उद्याची कामं, आज रात्री कागदावर

दिवा मालवला की राहिलेली कामं एकेक करून डोकं वर काढतात. लाइट बिल, मुलीच्या शाळेची फी, मामांना करायचा फोन. अशा वेळी ती लिहून काढली तर झोप लागते, की आणखीच उडते?

अमेरिकेत टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न झोपेच्या प्रयोगशाळेत नेला. 57 निरोगी तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला दिलं. निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, बाकीच्यांनी नुकतीच पार पाडलेली. मग डोक्याला तारा जोडून मेंदूच्या लहरी नोंदवल्या. झोप कधी लागली हे कुणाच्या सांगण्यावर सोडलं नाही. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उरलेली कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले होते. ज्यांची यादी जितकी तपशीलवार, त्यांना झोप तितकी लवकर! मला यातला हा तपशीलच सर्वांत मोलाचा वाटतो. उद्याची काळजी कागदावर आणली तर ती वाढेल, असं आपण धरून चालतो. इथे उलटं घडलं.

असं का व्हावं? तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. अर्धवट काम निसटू नये म्हणून मन ते पुन्हा पुन्हा घोळवत राहतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं, की अपुऱ्या कामाचे विचार वाचनात व्यत्यय आणतात. पण ते केव्हा, कुठे, कसं करायचं हे ठरवलं की व्यत्यय ओसरतो. काम झालेलं नसतं, नुसतं ठरलेलं असतं. मनाला तेवढंही पुरतं.

मनातलं दुःख लिहिणं ही मात्र वेगळी गोष्ट. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच मन हलकं झालं नाही, उलट ते अधिक खिन्न झालं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरचे असे शंभराहून अधिक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा सरासरी फायदा खरा, पण लहान निघाला. म्हणून रोजनिशीला रामबाण औषध म्हणू नये. जुनी जखम तर झोपायच्या वेळी मुळीच उकरू नये.

रात्रीसाठी यादीच बरी, आणि ती मोबाइलवर नको, कागदावर. ‘बँकेचं काम’ एवढंच लिहून भागणार नाही. ‘गुरुवारी दहा वाजता बँकेत केवायसीचे कागद द्यायचे, आधार कार्डाची प्रत सोबत’ असं लिहा. पाच मिनिटं झाली की वही मिटा. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.