गोठ्याची जागा आणि शेणपाण्याची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोठ्यासाठी जागा शोधायला निघालेला माणूस आधी रस्ता बघतो, मग विजेचा खांब, मग पाणी. टेम्पो दारापर्यंत येईल का, बोअरला पाणी लागेल का, गुंठ्याला भाव काय, एवढे विचारून झाले की बयाणा देऊन मोकळा होतो. हे सगळे प्रश्न आत काय येणार याबद्दलचे. चारा आत येणार, पाणी आत येणार, म्हशी येणार. बाहेर काय जाणार, हे सहसा कोणी विचारत नाही. दूध जाणार, हे सगळ्यांना ठाऊकच असते. पण दुधाखेरीज बरेच काही जाते.

एक म्हैस दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण टाकते. जवळपास तेवढेच लिटर मूत्र. तिचे पिणे आणि धुणे मिळून शे-दीडशे लिटर पाणी लागते, त्यातले बरेचसे गढूळ होऊन गटाराला लागते. दहा म्हशींचा लहानसा गोठा धरला तरी वर्षाला पन्नास टनांच्या वर शेण झाले. जागा निवडायची म्हणजे या सगळ्याची वाट आधी ठरवायची. बाकीचे नंतर.

मी कवितेच्या प्रांतातला माणूस. म्हशी राखण्याचा माझा अधिकार नाही. पण केळव्याला माझा भाचा दहा म्हशींचा गोठा घालायचा म्हणतो आहे, आणि त्याला माझ्याकडून सल्ला नको होता, वजन हवे होते. ‘‘मामू, तुमचा शब्द चालतो. शेजाऱ्यांना जरा समजवा.’’ समजवायला गेलो आणि शेजाऱ्यांकडून मीच बरेच काही समजून आलो.

त्याच्या मनातली पहिली जागा घरामागची. वडिलोपार्जित, फुकटची, आणि रस्त्यालगतची. केळवे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथली रचना आठवेल. समुद्र, सुरूची रांग, मग नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पानमळे. केळवे-माहीमच्या खायच्या पानाचे नाव इथल्या विहिरींच्या गोड्या पाण्यावर टिकले आहे. जमीन पुळणीची, म्हणजे रेताड. पावसाचे पाणी तिच्यात मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत राहतो. विहिरी उथळ, आणि श्रावणात तर वाकून कळशी भरावी इतके पाणी वर आलेले.

शेजारचे काका पिढीजात पानमळेवाले. ते म्हणाले, ‘‘भाई, मला तुमच्या म्हशींचं वावडं नाही. शेण तर मला हवंच आहे. पण ते मी मागेन तेव्हा, मागेन तेवढं यावं. विहिरीतून येऊ नये.’’

यापुढे मला बोलायला फारसे उरले नाही. चिकणमातीत सांडपाणी मुरायला वेळ लागतो, वाटेत माती त्याला गाळते. रेतीत ते सरळ खाली उतरते. शेण-मुताबरोबर दोन गोष्टी विहिरीत जातात. एक, रोगजंतू. ते पाणी उकळले की मरतात. दुसरी, नायट्रेट. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या २०२१ मध्ये सुधारल्या. त्यांत नव्या गोठ्यासाठी राहत्या घरापासून २०० मीटर आणि शाळा-दवाखान्यापासून ५०० मीटर अंतर सांगितले आहे. पूर येणारी जमीन टाळा, भूजल दहा-बारा फुटांवर असेल तिथेही नको, असेही आहे. घरामागची जागा यातल्या एकाही कसोटीला उतरत नव्हती. भाच्याचे म्हणणे, पूर्वी प्रत्येक घरामागे गोठा होताच की! होता, पण दोन बैल आणि एक गाय यांचा. तेवढे शेण चार दिवसांत वाडीत जिरत असे. दहा म्हशींचे शेण जिरवायला वाडीही तेवढी हवी.

दुसरी जागा गावाबाहेरच्या खाजणातली. स्वस्त, सपाट, मोठी, आणि माणसांपासून दूर. खाजणाबद्दल थोडक्यात सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि मुसळधार पावसाला एकच मुहूर्त लागला की तिथे पाणी तुंबते. बोअरचे पाणी खारट. ओल्यात उभ्या राहिलेल्या जनावरांचे खूर कुजतात. शिवाय किनाऱ्यालगत आणि खाडीलगत सागरी नियमन क्षेत्राचे कायदे लागू होतात. पक्की शेड उभारण्याआधी ती जागा त्यात मोडते का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्यावे. दलालाच्या तोंडी हमीवर शेड उभारू नये.

तिसरी जागा रेल्वेच्या पलीकडची, केळवे रोड स्टेशनच्या पूर्वेची. ही मात्र जातिवंत गुराढोरांची जमीन. आमच्याकडे तिला वरकस म्हणतात. भाताला न चालणारी, उंचवट्याची, मुरमाड, गवताची. पाणी साचत नाही, पाय कोरडे राहतात. इथले गवत आणि पेंढा वर्षानुवर्षे मुंबईच्या तबेल्यांना गेला आहे. बोईसर-तारापूरची कामगार वस्ती जवळ, म्हणजे दुधाला गिऱ्हाईकही जवळ. भाचा खूष झाला. मीही झालो.

मग उताराकडे पाहिले. पावसाचे पाणी कुठे उतरते, हे कोरड्या दिवसातही ओहोळाच्या खुणांवरून कळते. या भागात झांझरोळीचे धरण आहे, केळवे-माहीम परिसराला पाणी देणारे. जानेवारी २०२२ मध्ये त्याला गळती लागली तेव्हा साऱ्या गावांची झोप उडाली होती. एखाद्या वरकस तुकड्याचा उतार अशा तलावाकडे असेल तर घरामागची विहीर वाचवून आपण सगळ्या गावांचे पाणी नासवणार. जागा सोडायची नसेल तर निदान उताराची दुसरी बाजू घ्यायची.

दुसरी गोष्ट सातबाऱ्यावरची. पूर्वपट्ट्यातल्या बऱ्याच जमिनी आदिवासींच्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६ अ या कलमांप्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. ‘भाड्याने घ्या, पुढचे पुढे पाहू’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना लांबूनच सलाम.

आणि तिसरी, वारा. किनाऱ्यावर वारा दिवसातून दोनदा घर बदलतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा जातो. हा शब्द ऐकला की मला गझलेचा मतला आठवतो. अरबीत मतला म्हणजे उगवण्याची जागा. उगवतीकडून येणारा हा वारा कवीला सोयीचा असला तरी गोठेवाल्याला नाही. दुपारी जागा बघून ‘वास गावाकडे जात नाही’ म्हणून निघून आलेल्या माणसाला रात्री तोच वास झोपू देत नाही. त्या वरकस जागेच्या पूर्वेला एक पाडा होता. दुपारचा सगळा वास आणि माश्या पाड्यावर. केळव्यातल्या शेजाऱ्यांकडे मी समजवायला गेलो होतो; पाड्यावर मला कोणी पाठवले नव्हते. तिथून तक्रार येणार नाही, हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. माझ्या मते जागेची खरी परीक्षा इथे होते. सरळ पूर्वेला किंवा सरळ पश्चिमेला वस्ती नको. दक्षिणेला असली तर त्रास कमी, कारण पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा उलट दिशेने वाहतो. नकाशापेक्षा सोपा उपाय म्हणजे जागेवर ओल्या पेंढ्याचा धूर करायचा, एकदा दुपारी तीनला आणि एकदा रात्री दहाला. धूर जाईल तिकडे चालत जायचे आणि कोणाचे दार लागते ते पाहायचे.

हा प्रश्न सरकारलाही सुटलेला नाही. मुंबईतले तबेले हलवायला १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत झाली. दारा खुरोडींच्या देखरेखीखाली बत्तीस गोठ्यांत सोळा हजार जनावरांची सोय झाली. तेव्हा ते शहराबाहेर होते. पुढे शहरच चालत तिथे आले. मग आणखी लांब जायचे म्हणून आपल्याच जिल्ह्यात दापचरीचा दुग्ध प्रकल्प आखला गेला. आदिवासींच्या जमिनी घेतल्या, पाण्यासाठी कुर्झे धरण बांधले. जागा होती, पाणी होते. पण तबेलेवाल्याचा धंदा धार काढल्यावर घटका-दोन घटकांत ताजे दूध गिऱ्हाइकाच्या भांड्यात ओतण्याचा. शंभराहून अधिक किलोमीटरवरून तो कसा चालणार? तबेले मोठ्या संख्येने मुंबईतच राहिले आणि प्रकल्प खालावत गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना त्या जागेचा उपयोग कोणी विचारला नव्हता.

भाच्याच्या डोक्यात म्हशींशेजारी कोंबड्यांचीही एक शेड होती. त्यासाठी नवापूरचे उदाहरण पुरे. नवापुरे दोन आहेत. एक आपले किनाऱ्यावरचे, जिथे तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी समुद्रात सोडले जाते. दुसरे नंदुरबार जिल्ह्यातले. तिथे फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये तो पुन्हा आला. कुक्कुटपालनाच्या शेडी दाटीने उभ्या असल्या की एकाचे दुखणे गावाचे होते. टेम्पो तोच, खाद्याची पोती तीच, माणसाच्या चपलाही त्याच. स्वस्तात जागा मिळते म्हणून चालू शेडीच्या शेजारी दुसरी शेड बांधणे मला तरी समजत नाही.

आता भाच्याने चौथी जागा धरली आहे. वरकसच, पण पाड्याच्या उत्तरेला आणि तलावाकडे पाठ केलेली. बयाणा अजून दिलेला नाही. मालकाकडून त्याने एवढीच परवानगी घेतली आहे की जागेत माणूसभर खोल खड्डा खणायचा आणि पावसाळाभर तसाच ठेवायचा. श्रावणात त्यात तळाशी किती पाणी उभे राहते ते मोजपट्टीने पाहायचे. ग्रामपंचायतीचा दाखला, शेणाच्या खड्ड्याला सिमेंटचा तळ, मुताला वेगळी टाकी, हे त्यानंतर. पानमळेवाल्या काकांनी वर्षाचे शेण उचलण्याची तयारी दाखवली आहे. त्यांची अट एकच : कुजवलेले हवे, ओले चालणार नाही.