गोरोदोम्ल्या बेटावरची बिऱ्हाडे

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग (त्या काळचे लेनिनग्राड) या दोन महानगरांच्या दरम्यान, ओस्ताश्कोव्ह या जुन्या गावाजवळ, सेलिगर नावाचे विस्तीर्ण सरोवर पसरले आहे. आणि त्या सरोवराच्या पोटात पाइनच्या गर्द अरण्याने आच्छादलेले गोरोदोम्ल्या हे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथे गुरांच्या लाळ-खुरकुत रोगावर संशोधन करणारी संस्था होती. रोगजंतू पाण्याच्या वेढ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून निवडलेली ती जागा, युद्ध संपल्यावर, माणसांच्या डोक्यातील विद्या वेढ्याबाहेर जाऊ नये या हेतूनेही सोयीची ठरली. सोव्हिएत सरकारच्या ‘एन-आय-आय-88’ या अग्निबाण-संशोधन संस्थेची शाखा क्रमांक 1 तेथे स्थापन झाली, बेटाच्या काठाने काटेरी तारेचे कुंपण पडले, आणि दीडशेच्या आसपास जर्मन अभियंते व शास्त्रज्ञ आपापल्या बायकामुलांसह तेथे आणून ठेवण्यात आले. तंत्रविद्येच्या इतिहासात या शाखेला चार-सहा पानांची जागा मिळते, आणि त्या पानांतही आकडे असतात ते पल्ल्याचे, वजनाचे आणि दाबाचे. परंतु ही शाखा जशी एक प्रयोगशाळा होती तशीच ती एक वसाहत होती, तिच्यात पाळणे हलत होते आणि शाळेची घंटा वाजत होती, ही गोष्ट मला तिच्या यंत्रांइतकीच महत्त्वाची वाटते.

हेल्मुट ग्रोट्रुप हे या वसाहतीतील सर्वांत ठळक नाव. जन्म 1916 चा, कोलोन शहरातला. पेनेम्युंडे येथे व्ही-2 या अग्निबाणाच्या मार्गदर्शन-यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. 1944 च्या मार्चमध्ये वेर्नहेर फोन ब्राउन यांच्याबरोबर त्यांनाही गेस्टापोने काही काळ अटकेत ठेवले होते. जर्मनीचा पाडाव झाल्यावर अमेरिकनांनी या मंडळींना आपल्या देशी नेण्याची तजवीज केली, त्या यादीत ग्रोट्रुपही होते; पण पत्नी इर्मगार्ड यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे, अमेरिकेचा करार एकट्या अभियंत्यापुरता होता, कुटुंबाने मागे राहावयाचे होते. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मात्र त्यांना थुरिंगियातील ब्लाइखेरोडे गावात, म्हणजे जर्मनीतच, घरदार सांभाळून काम देऊ केले, आणि मुलाबाळांपासून ताटातूट नको म्हणून ग्रोट्रुपांनी ते पत्करले. ज्या कारणास्तव त्यांनी पूर्वेची बाजू घेतली त्याच कारणाने, म्हणजे संसार एकत्र राहावा या इच्छेने, पुढे तो सगळा संसार उचलला गेला, आणि या एका निर्णयाचा विचार करताना मन फार वेळ तेथेच घोटाळत राहते.

तो दिवस 22 ऑक्टोबर 1946. दोनच दिवसांपूर्वी सोव्हिएत ताब्यातील प्रदेशात आणि बर्लिनमध्ये निवडणुका पार पडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी ब्लाइखेरोडे येथे सोव्हिएत जनरल गायदुकोव्ह यांनी जर्मन तज्ज्ञांना मेजवानी दिली. पेले भरले गेले, सहकार्याच्या आणाभाका झाल्या, आणि पहाट होण्यापूर्वीच घरोघरीच्या दारांवर सैनिकांच्या थापा पडू लागल्या. इर्मगार्डबाईंनी घाबरून पतीला दूरध्वनी केला, तेव्हा त्या बिचाऱ्याच्याही हाती काही उरले नव्हते. वाचून दाखवलेल्या हुकुमातील भाषा कोणत्याही दप्तरातील बदलीच्या हुकुमासारखी निर्विकार होती: आपण ज्या कारखान्यात नोकरीस आहात तो सोव्हिएत संघात हलविण्यात येत आहे, सबब आपण सहकुटुंब प्रवासास सिद्ध राहावे, माणसांसाठी प्रवासी डबा आणि सामानासाठी मालडबा मिळेल, करार तेथे पोहोचल्यावर होईल, मुदत तूर्त पाच वर्षे, प्रवास तीन ते चार आठवड्यांचा धरून चालावे. मोठ्या माणसांना त्यातील ‘पाच वर्षे’ हे शब्द ऐकू आले असतील. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र त्या पहाटेचा अर्थ अगदी निराळा असणार: बापाचे टेबल, आईचे शिवणयंत्र आणि आपली खाट परकी माणसे जिन्यावरून खाली नेत आहेत, आणि बाप, जो आजवर सगळ्या यंत्रांना हुकूम देत आला, तो भिंतीशी गप्प उभा आहे.

त्या एका दिवसात बर्लिन, डेसाऊ, श्टासफुर्ट, हाले अशा ठिकठिकाणांहून अडीच हजारांच्या घरात तज्ज्ञ आणि त्यांचे चार हजारांच्या आसपास कुटुंबीय उचलले गेले. 92 आगगाड्या त्यासाठी तैनात होत्या, आणि सगळा बंदोबस्त इव्हान सेरोव्ह या पोलीस-जनरलाच्या हाती होता. दोस्तांच्या नियंत्रण मंडळाने त्याच वर्षी जर्मन भूमीवर लष्करी संशोधनास मनाई केली होती; ती मनाई मोडल्याचा बोभाटा होण्याआधी संशोधन आणि संशोधक दोन्ही सरहद्दीपलीकडे नेणे हे या घाईचे मोठे कारण होते.

येथे एका दुसऱ्या अभियंत्याच्या मुलीची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. ब्लाइखेरोडे-नॉर्डहाउझेन येथील संस्थेत सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता सेर्गेई कोरोल्योव्ह होते. 1938 च्या जूनमध्ये त्यांना खोट्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा त्यांची कन्या नतालिया तीन वर्षांची होती. पुढे कोलिमाच्या छावणीतील श्रम, आणि त्यानंतर विमान-रचनाकार तुपोलेव्ह यांच्यासह बंदिस्त रचना-कार्यालयात कैदी म्हणून विमानांचे आराखडे काढणे, हे त्यांच्या नशिबी आले. वडिलांविषयी मोठा चरित्रग्रंथ त्या कन्येने पुढे लिहिला. हुशार माणसाला कोंडून त्याच्याकडून काम करून घेण्याची ही रीत म्हणजे काही केवळ परक्यांसाठी काढलेली शिक्षा नव्हती. स्वतःच्या अभियंत्यांवर ती आधी चालवून पाहिलेली होती, आणि खरे पाहता जर्मनांच्या वाट्याला तिचे पुष्कळ सौम्य रूप आले. ग्रोट्रुप यांना दरमहा 4,500 रूबल वेतन होते, त्यांचे सहकारी, डॉक्टर पदवीधारक कुर्ट माग्नुस यांना 6,000. कोरोल्योव्ह यांनाही 6,000च.

ज्या विद्येसाठी एवढा खटाटोप झाला ती विद्या नेमकी कशी होती, हे एका प्रसंगावरून जवळून पाहता येते. 1947 च्या ऑक्टोबरात व्होल्गाकाठच्या कापुस्तिन यार येथील माळरानावर व्ही-2 चे पहिले सोव्हिएत उड्डाण-प्रयोग झाले. 18 तारखेचा बाण दोनशे किलोमीटरांवर गेला, पण नेमाच्या रेषेपासून तीस किलोमीटर डावीकडे. 20 तारखेचा तर 180 किलोमीटर डावीकडे भरकटला. अग्निबाणाला दिशा कळते ती जायरोस्कोपमुळे: भोवरा जसा वेगाने फिरत असताना आपला अक्ष सोडीत नाही, तसे आतले चक्र आपली दिशा धरून असते, आणि बाणाचे अंग त्या दिशेपासून ढळले की विजेचा इशारा निघून शेपटाशी ज्वालेत बसविलेल्या ग्राफाइटच्या पट्ट्या वळतात. कुर्ट माग्नुस हे जायरोस्कोपचे, आणि योहानेस होख हे नियंत्रणविद्येचे जाणकार. इंजिनाच्या थरथरीमुळे उपकरणातून खोटे इशारे उठतात आणि त्या गोंगाटात खरा इशारा बुडून जातो, असा त्यांना संशय आला. त्यांनी उपकरण हादरणाऱ्या मेजावर बसवून तो पडताळून पाहिला, आणि उपकरण व विवर्धक यांच्यामध्ये एक गाळणी-मंडल घातले. पुढचा बाण सरळ गेला. मंत्री दिमित्री उस्तिनोव्ह यांनी खूश होऊन प्रत्येकी 15,000 रूबल आणि सर्वांत मिळून एक डबा मद्यार्क बक्षीस दिला. त्यानंतर वर्षभरात, 10 ऑक्टोबर 1948 रोजी, त्याच बाणाची सोव्हिएत कारखान्यांत घडविलेली प्रत, आर-1, यशस्वीपणे उडाली, आणि त्या प्रयोगाला एकाही जर्मनास बोलाविले नव्हते.

1948 मध्ये तोवर मॉस्कोजवळ ठेवलेली जर्मन मंडळीही गोरोदोम्ल्यावर हलविली गेली, आणि वसाहत भरली. बिऱ्हाडे दोन-तीन खोल्यांची, घरे बहुतेक लाकडी. शिधा सोव्हिएत कर्मचाऱ्यांसारखाच. ओस्ताश्कोव्हला जावयाचे तरी परवाना, आणि मॉस्कोस जावयाचे तर सोबतीला पहारेकरी. हिवाळ्यात सरोवर गोठून त्याचाच रस्ता होई, आणि बर्फ वितळू लागले की तो रस्ता मोडे. मोठ्यांनी वेळ घालविण्यासाठी वाद्यवृंद उभारला, नाटके बसविली, टेनिसचे मैदान तयार केले. मुलांसाठी शाळा निघाली; रशियन शिक्षक रशियन शिकवीत, आणि बापांपैकीच काही जण गणित-पदार्थविज्ञान शिकवीत. माग्नुस आणि वायुगतिशास्त्रज्ञ वेर्नर आल्ब्रिंग या दोघांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकांत बेटाची एकांतता, अनिश्चित मुदत, आणि कागद वर पाठवावेत पण उत्तर कधी येऊ नये ही बुद्धिमंताची खास यातना दिसते. मुलांच्या आठवणींचा सूर तसा नाही. त्यांच्यात अरण्य आहे, अळंबी आणि रानफळे आहेत, गोठलेल्या पाण्यावरच्या घसरगुंड्या आहेत. वडिलांची कैद ही मुलांची मोकळीक होती, आणि यात मुलांचे काही चुकत नाही. लहानपण ज्या जागी जाते ती जागा मायदेश होऊन बसते, सरकारी दप्तरात तिचे नाव काही का असेना.

तरीपण या वत्सल आठवणींच्या जोरावर बापांना सरसकट निर्दोष ठरविता येत नाही, आणि ते मी करणार नाही. व्ही-2 घडला तो नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातील बोगद्यांत, मिटेलबाऊ-डोरा छावणीच्या कैद्यांकडून. त्या छावणीसमूहात सुमारे 60,000 माणसे डांबली गेली, त्यांपैकी सुमारे 20,000 मेली. त्यांनाही घरे होती, मुले होती, आणि त्यांच्या सामानासाठी कोणी मालडबा दिला नव्हता. माझे स्वतःचे बालपण पाटबंधारे खात्यातील एका अभियंत्याच्या घरी, धरणाच्या वसाहतीत गेले. आमच्या क्वार्टरच्या ओसरीवरून नदीपलीकडचा रस्ता दिसे, आणि बुडणाऱ्या गावची माणसे मोडलेल्या घरांचे वासे, दारांच्या चौकटी आणि जात्याच्या तळ्या बैलगाड्यांत रचून त्या रस्त्याने जात. आमच्या वर्गातली काही मुले वर्षाच्या मध्येच दिसेनाशी होत. वडील प्रामाणिक होते, आणि कामावर त्यांची निष्ठा होती. धरण आणि डोरा यांची तुलना करणे हे पाप होईल. मला एवढेच म्हणावयाचे आहे की अभियंत्याच्या मुलाला आपल्या घराचे ऊबदारपण दिसते, आणि ती ऊब कोठून येते हे विचारण्याचे वय फार उशिरा येते. गोरोदोम्ल्याच्या मुलांवर तो प्रश्न केवढ्या ओझ्यानिशी येऊन पडला असेल याची मला थोडीशी कल्पना करता येते.

उचललेल्या सर्वांचीच रवानगी या बेटावर झाली नव्हती. डेसाऊच्या युंकर्स कारखान्यातील आणि बीएमडब्ल्यूमधील इंजिन-तज्ज्ञांना व्होल्गेवरील कुइबिशेव्हजवळच्या उप्राव्लेंचेस्की वसाहतीत नेले; तेथे ऑस्ट्रियन अभियंता फर्डिनांड ब्रांडनर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी टर्बोप्रॉप इंजिनाची जी परंपरा वाढविली, तिची परिणती निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्या एन-के-12 या प्रचंड इंजिनात झाली. आपल्याकडील पुष्कळांनी त्या इंजिनाची घरघर स्वतःच्या कानांनी ऐकली आहे: भारतीय नौदलाची टी-यू-142 ही टेहळणी विमाने 1988 पासून काही वर्षे गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर होती, आणि प्रत्येक विमानाला तशी चार इंजिने, एकाच अक्षावर उलटसुलट फिरणाऱ्या पंख्यांच्या जोड्यांसह. मुरगाव-वास्कोच्या बाजूला राहणाऱ्यांच्या डोक्यावरून जो आवाज जाई, त्याच्या मुळाशी असे काही हजार लोकांचे देशांतर होते.

1949 च्या एप्रिलमध्ये उस्तिनोव्ह स्वतः बेटावर आले आणि तीन हजार किलो भार तीन हजार किलोमीटर नेणाऱ्या बाणाची कामगिरी सोपवून गेले. ग्रोट्रुप यांच्या मंडळीने शंकूच्या आकाराचा, शेपटीला पंख नसलेला, एकाच टप्प्याचा बाण कागदावर सिद्ध केला. त्याचे आराखडे मॉस्कोस गेले आणि तेथेच राहिले. पुढल्या वर्षापासून गुप्त स्वरूपाचे काम काढून घेण्यात आले, किरकोळ विषय नेमून देण्यात आले. परत गेल्यावर सांगण्याजोगे ताजे काही डोक्यात उरू नये, असा त्यामागील हिशेब होता. 1951 च्या डिसेंबरात पहिली तुकडी परतली, 1952 मध्ये बहुसंख्य, आणि 1953 च्या नोव्हेंबरात ग्रोट्रुप कुटुंबासह शेवटची. पूर्व जर्मनीत पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत ते पश्चिमेकडे निसटले, आणि तेथे ब्रिटिश व अमेरिकन हेरखात्यांनी त्यांच्या जबान्या घेतल्या. जी मुले शिशुवर्गाच्या वयात गेली होती ती आता रशियन सफाईने लिहीत-बोलत होती, आणि जर्मन शाळेत कोणत्या इयत्तेत बसवावे याचा हिशेब नव्याने मांडावा लागत होता.

ग्रोट्रुप यांनी अग्निबाण सोडून गणकयंत्रांच्या क्षेत्रात काम केले. 1968 मध्ये युर्गेन डेटलोफ यांच्याबरोबर त्यांनी नोंदविलेले पेटंट आजच्या चिप-कार्डाच्या मुळाशी आहे. 1981 मध्ये म्युनिकला त्यांचे निधन झाले. त्या एका घरातून वर्षभराच्या अंतराने दोन पुस्तके निघाली: 1958 मध्ये इर्मगार्डबाईंनी रशियातील दिवसांची रोजनिशी प्रसिद्ध केली, आणि 1959 मध्ये ग्रोट्रुपांनी सामान्य वाचकांसाठी अग्निबाणशास्त्राची ओळख लिहिली. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. मुलांची कैफियत मात्र मुलाखतींत आणि माहितीपटांत विखुरलेली आहे. ती कोणीतरी चिकाटीने बसून एका ठिकाणी लिहून घ्यावी, आणि लवकर लिहून घ्यावी, कारण त्या आगगाडीत आईच्या मांडीवर बसून गेलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि जी त्या वेळी शाळेत जात होती ती त्याहून मोठी आहेत.