इंजिन ओव्हरफ्लो

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ठिणगीने पेटू शकेल त्यापेक्षा अधिक इंधन साचल्यामुळे इंजिन सुरू न होणे, या बिघाडास इंजिन ओव्हरफ्लो किंवा फ्लड होणे असे म्हणतात. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये 'गाडी ओव्हर झाली' किंवा 'प्लग भिजला' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. कार्बोरेटर असलेल्या वाहनांत हा बिघाड नेहमीचा होता. इंधन-अंतःक्षेपण प्रणालीच्या वाहनांत तो क्वचित आढळतो, परंतु नाहीसा झालेला नाही.

स्वरूप

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण आकारमानाने साधारणतः १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच मिश्रण पेट घेते. त्याहून अधिक वाफ असल्यास ठिणगी पडूनही ज्वलन होत नाही. शिवाय द्रवरूप पेट्रोलने आणि काजळीने स्पार्क प्लगचे चिनी मातीचे टोक माखले, तर विद्युतप्रवाह प्लगच्या फटीतून उडी न मारता त्या थरावरूनच निसटतो. म्हणजे इंधन जास्त आणि ठिणगी कमी, असे दोन्ही दोष एकाच वेळी निर्माण होतात. चालक जितका अधिक वेळ स्टार्टर फिरवतो तितके इंधन वाढत जाते आणि बॅटरी उतरू लागल्याने ठिणगी आणखी क्षीण होते.

कारणे

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यामुळे सुरुवातीस जास्त इंधन देणे आवश्यकच असते. कार्बोरेटरमध्ये ते काम चोक करतो. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार झालेली १०८९ घनसेंमी इंजिनाची प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची ७९६ घनसेंमीची मारुती ८०० चालवणाऱ्यांना चोक किती ओढावा आणि कधी सोडावा याचा अंदाज सवयीनेच येत असे. चोक ओढून ठेवणे, किंवा किल्ली फिरवण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर वारंवार दाबणे ही ओव्हरफ्लोची सर्वाधिक आढळणारी कारणे होत. पायडल दाबताक्षणी कार्बोरेटरमधील छोटा पंप पेट्रोलची चिळकांडी आत सोडतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दुचाकींच्या बाबतीत किक मारण्यापूर्वी बजाजची स्कूटर एका अंगावर कलवण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. तसे केल्याने थोडे जादा पेट्रोल आत उतरते अशी त्यामागची धारणा होती. मात्र जास्त वेळ कलवल्यास प्लग ओला होण्याचीच शक्यता अधिक.

चालकाची चूक नसतानाही फ्लोट गळका असणे, सुई-झडपेत कचरा अडकणे, एअर फिल्टर तुंबणे यांमुळे इंजिनात इंधन साचते. अंतःक्षेपण प्रणालीत गळका इंजेक्टर, दाबनियंत्रकाचा फाटलेला पडदा किंवा शीतक तापमान संवेदकाचा बिघाड कारणीभूत ठरतो. या संवेदकाची तार तुटल्यास नियंत्रक संगणकाला इंजिन बर्फासारखे थंड असल्याचा संकेत मिळू शकतो आणि तो भर उन्हातही हिवाळ्याइतके इंधन सोडतो. थंड गाडी केवळ अंगणातून बाहेर काढण्यापुरती सुरू करून लगेच बंद केल्यासही पुढच्या वेळी हा अनुभव येतो.

किनारपट्टीवरील परिस्थिती

मालवण तालुक्यातील आचरा व आसपासच्या खाडीकाठच्या गावांत खारट, दमट हवेमुळे प्लगच्या तारा, डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि बॅटरीची टोके लवकर खराब होतात. पावसाळ्यात ठिणगीच पडत नसल्यामुळे न जळलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये साचते. अशा वेळी ओव्हरफ्लो हे मूळ कारण नसून परिणाम असतो. कार्बोरेटर साफ करत बसण्यापूर्वी तारा कोरड्या करून पाहणे हा येथे अधिक शहाणपणाचा मार्ग होय. लहान होड्यांवरील पेट्रोलच्या आउटबोर्ड इंजिनांनाही हेच तत्त्व लागू पडते. पावसाळी मासेमारी बंदीत इंजिन पडून राहिल्यास कार्बोरेटरमधील जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसतो व सुई-झडप उघडीच राहते. त्यात इंधननळीवरील रबरी फुगा गरजेपेक्षा जास्त वेळा दाबला गेला की प्लग हमखास भिजतो.

करूळ घाट चढून गगनबावड्यास चहासाठी थांबलेली कार्बोरेटरची गाडी दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत नाही, याची दोन परस्परविरुद्ध कारणे असू शकतात. इंजिनाच्या उष्णतेने फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उकळून आत ठिबकले असेल तर तो ओव्हरफ्लो होय. याउलट नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला असेल तर त्यास व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या चालकांचा उपाय याच दोषावर आहे. पहिल्या प्रकारात पेट्रोलचा उग्र वास येतो व प्लग ओला निघतो, दुसऱ्यात तो कोरडा असतो.

निदान

ओला प्लग हा या निदानाचा कणा आहे. प्लग कोरडा असल्यास शोध पंप, फिल्टर व टाकीच्या दिशेने न्यावा. ओला असल्यास ठिणगी तपासावी. ठिणगी नसेल किंवा पिवळसर व मंद असेल, तर दोष कॉइल, तारा वा बॅटरीत शोधावा. ठिणगी निळी व जोरकस असूनही प्लग पुन्हा पुन्हा भिजत असेल तरच इंधनप्रणाली उघडावी. ठिणगीची चाचणी उघड्या प्लग-छिद्राजवळ कधीही करू नये. बाहेर फेकली जाणारी पेट्रोलची वाफ पेटून भाजण्याचा व गाडीला आग लागण्याचा धोका असतो.

पावसाच्या पाण्यातून जाताना बंद पडलेली गाडी हा सर्वस्वी वेगळा प्रकार आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा मुंबईत असंख्य वाहने पाण्यात अडकली. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असताना स्टार्टर फिरवल्यास पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून अशा गाडीस खाली दिलेला उपाय करू नये.

उपाय

अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, तो न हलवता, पाच ते दहा सेकंद स्टार्टर फिरवावा. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण आत ढकललेला असावा. यामुळे थ्रॉटल पूर्ण उघडून जास्तीत जास्त हवा आत येते. अंतःक्षेपण प्रणालीच्या बहुतेक गाड्यांत याच कृतीने संगणक इंजेक्टर तात्पुरते बंद ठेवतो. दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टरला अर्धा ते एक मिनिट विश्रांती द्यावी. इंजिन सुरू होताच पाय हळूहळू उचलावा; काही क्षण काळा धूर येणे स्वाभाविक आहे. तरीही इंजिन सुरू न झाल्यास प्लग काढून पुसून वाळवावेत.

साचलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते व त्यामुळे दाब घटतो. अशा वेळी प्रत्येक छिद्रातून इंजिन ऑइलचे काही थेंब सोडल्यास रिंगा पुन्हा घट्ट बसतात. उरलेले पेट्रोल खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवरील ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी सुरू झाली तरी ऑइल बदलावे लागते. न जळलेले इंधन धुराड्यात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितप्त होतो. त्यामुळे वारंवार ओव्हरफ्लो होणारी गाडी तशीच चालवत राहिल्यास दुरुस्तीचा खर्च मूळ दोषाच्या कित्येक पट होतो.