दोन फोन, एका बाळाचे वजन

समजा, तलासरीच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविकेने 2 नोव्हेंबरला बाळाचे वजन घेतले. भरले 7 किलो 200 ग्रॅम. रेंज नव्हती, म्हणून नोंद फोनमध्येच राहिली. पुढे कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. तिथे 20 तारखेला काटा 6 किलो 900 वर थांबला आणि ती नोंद लगेच सर्व्हरवर पोचली. तलासरीच्या फोनला रेंज मिळाली 25 तारखेला. सर्व्हरचा नियम ‘शेवटी येईल ते खरे’ असा असेल, तर बाळ पुन्हा 7 किलो 200 चे! 300 ग्रॅमची घट, म्हणजे ज्यासाठी वजन करायचे तेच, गायब.

तलासरीला लागूनच्या डहाणू पट्ट्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये ग्रामबाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा हजेरीची वही एकच असणार. आता स्थलांतरित बालकांचा माग ठेवायला राज्याने 2022 मध्ये ‘महाएमटीएस’ आणले. म्हणजे एका बाळाची माहिती अनेक हातांत.

नेटवर्क तुटल्यावर दोनच वाटा उरतात: नोंद घ्यायचीच नाही, किंवा घ्यायची आणि प्रती काही काळ वेगळ्या पडू द्यायच्या. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी 2000 मध्ये मांडलेली ही कोंडी 2002 मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केली. काट्यावर बाळ रडत असताना ‘नेटवर्क नाही’ म्हणून नोंद नाकारणारे ॲप माझ्या मते कुचकामीच.

मग प्रती जुळवायच्या कशा? तारखेवर भिस्त ठेवावी, तर फोनचे घड्याळ चुकलेले असू शकते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये दाखवले की घड्याळाऐवजी साध्या मोजणीनेही घटनांचा क्रम लावता येतो. त्याच धाग्याने अ‍ॅमेझॉनच्या ‘डायनॅमो’ या माहिती साठवणाऱ्या प्रणालीने (2007) कोणती प्रत कोणत्या प्रतीला पाहून तयार झाली याचा हिशेब ठेवला. एकमेकींना न पाहिलेल्या प्रती असतील, तर दोन्ही जपायच्या.

वजनांचे त्यामुळे सोपे होते. त्यांच्यात भांडण नाहीच. जुने न खोडता प्रत्येक वजन, सेविकेने स्वतः लिहिलेल्या तारखेसह, खाली जोडत जायचे, घट आपोआप दिसते. आईचा मोबाइल नंबर दोन ठिकाणी वेगळा असेल, तर मात्र पर्यवेक्षिकेलाच विचारावे लागेल.

खरी डोकेदुखी यादीतून बाळाचे नाव काढण्याची. डायनॅमोत गिऱ्हाइकाने खरेदीच्या पिशवीतून काढलेली वस्तू कधीकधी परत येई, कारण जुन्या प्रतीत ती होतीच. यादीतून काढलेले नावही जुन्या फोनमधून असेच परतते. त्यामुळे नाव नुसते पुसत नाहीत. ‘काढले’ अशी खूण ठेवतात आणि सगळे फोन जुळेपर्यंत ती हलवत नाहीत.