निळाई धरलेलं पातं

उकडलेली कोंबडी अजून वाफाळत होती. तिचे जाड काप करताना प्रत्येक कापानंतर मी पातं थोडा वेळ त्या गरम मांसाला टेकवून ठेवत होतो. दहा-पंधरा मिनिटांनी कोमट पाण्याखाली सुरी धुतली आणि बघतच राहिलो. मुठीजवळ मोरपिशी निळा, मध्ये जांभळट, टोकाकडे फिकट सोनेरी.

सुरी जपानी आहे, पोलाद शिरोगामी क्रमांक २. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या या पोलादाला ज्या पांढऱ्या कागदात गुंडाळत, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. कार्बन १.०५ ते १.१५ टक्के, क्रोमियम जवळजवळ नाहीच. स्टेनलेसमध्ये ते किमान १०.५ टक्के तरी असतं. म्हणून स्टेनलेसला काही लागत नाही आणि या पात्याला सगळंच लागतं.

त्या निळ्यात निळा असा रंग कुठेच नसतो. पात्यावर लोखंडाच्या संयुगांचा अतिशय पातळ थर चढतो. थराच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग खोडतो, काही उठवतो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचे रंग दिसतात ते असेच. थर वाढत गेला की सोनेरीचा जांभळा, जांभळ्याचा निळा, आणि शेवटी करडा.

आंबटाची तऱ्हा वेगळी. लिंबू, टोमॅटो थेट करडेपणा आणतात, वर असलेली निळाईही चाटून नेतात. कच्ची केळी, केळफूल यांनी पातं काळंभोर होतं, कारण त्यांच्यातल्या तुरटपणाची लोखंडाशी गाठ पडते. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करत, त्यातही हेच घडायचं.

आजीच्या विळीचं पातं कैरीच्या दिवसांत असंच व्हायचं. ती रोज ते राखेने घासून लख्ख करायची, आणि रोज चिरलेला कांदा काळवंडायचा. तिने घासून काढलेला थरच कांद्याला आणि तांबड्या गंजाला अडवणारा होता, हे मला या सुरीमुळे कळलं.

तांबडा गंज मात्र शत्रूच. पहिल्याच आठवड्यात लिंबू चिरून सुरी ओट्यावर ओलीच राहिली, आणि तासाभरात धारेवर नारिंगी ठिपके आले. खाण्याचा सोडा लावून ते काढले. तेव्हापासून शेजारी कोरडं फडकं असतंच.

काही जण सुरी व्हिनेगरमध्ये बुडवून एका रात्रीत काळी करतात. मला ते पटत नाही. तो थर अनेकदा भुसभुशीत असतो, फडक्याला लागतो, आणि आम्ल धारही खातं. रोजच्या स्वयंपाकात हळूहळू चढलेला थर घट्ट बसतो.

काल टोमॅटो चिरले. टोकाकडचं सोनेरी गेलं, तिथे धुरकट करडा आला. मुठीजवळची निळाई अजून आहे.