थंडीतला पंखा

जानेवारीतली पहाट. घरात सगळे रजयांत गुरफटलेले, आणि सत्तरीतले गृहस्थ उठून पंख्याचं बटण दाबतात. बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, चेहरा तापलेला, छातीत धडधड. पाचेक मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग तेच गृहस्थ कुडकुडायला लागतात. मुलगा म्हणतो, बीपी तपासू. सून म्हणते, रात्रीचं तिखट बाधलं असेल. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणते, "अहो, पाळी जाताना मला अस्संच व्हायचं."

तिघांत बरोबर तीच असते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हार्मोनचं इंजेक्शन सुरू असलेल्या बहुसंख्य पुरुषांना अशा गरम वाफा येतात. बायकोचं ते वाक्य घरगुती वाटतं खरं, पण प्रयोगशाळेला ते पक्कं करायला 2016 साल उजाडलं. त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

शिकागो विद्यापीठातले चार्ल्स हगिन्स हे मूत्रविकारांचे शल्यचिकित्सक कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास करत होते. माणसाखेरीज प्रोस्टेटच्या गाठी वारंवार होणारा प्राणी म्हणजे कुत्राच. ही ग्रंथी टेस्टोस्टेरॉनवर पोसली जाते हे त्यांना दिसलं. मग क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह त्यांनी हाडांपर्यंत रोग पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढून पाहिले, काहींना स्त्री-संप्रेरक टोचून पाहिलं. रोग किती पसरला आहे हे सांगणारं रक्तातलं आम्ल फॉस्फटेज खाली आलं. साल 1941. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं तेही याच वर्षी. हगिन्स यांना नोबेल मिळालं ते पंचवीस वर्षांनी, 1966 मध्ये.

आज औषधांची नावं बदलली, मूळ कल्पना तीच राहिली: गाठीचा शिधा तोडायचा. अडचण एवढीच की त्याच शिध्यावर अख्खं घर जेवत असतं. स्नायू, हाडं, रक्त, मेंदू, सगळेच.

शिधा तोडण्याचे मार्ग दोन. एक, वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. एकदाच करायची आणि स्वस्त, म्हणून आपल्याकडे आजही केली जाते. दुसरा, इंजेक्शन: महिन्याचं, तीन महिन्यांचं किंवा सहा महिन्यांचं. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही त्यांतली नेहमीची नावं. त्यांची युक्ती गमतीची आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस साधारण दीड-दोन तासांनी एक रासायनिक निरोप धाडतो, तो मिळाला की पीयूष ग्रंथी वृषणांना कामाला लावते. इंजेक्शनमध्ये त्याच निरोपाची नक्कल असते, पण ती अखंड चालू राहते. दारावरची बेल अधूनमधून वाजली तर आपण उठतो. बटणावर बोट दाबून कुणी उभाच राहिला तर वैतागून बेलची वायरच काढून ठेवतो. पीयूष ग्रंथी तेच करते. वायर निघेपर्यंतच्या आठवड्या-दोन आठवड्यांत मात्र टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून डॉक्टर आधी बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. "इंजेक्शन आहे ना, मग गोळ्या कशाला?" म्हणून त्या टाळणारे असतात. टाळू नयेत. (डेगारेलिक्ससारखी नवी औषधं थेट वायरच कापतात, त्यांत ही भानगड नसते.)

काही आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला 300 ते 1000 नॅनोग्रॅमवरून 50 च्या खाली येतं. पीएसए, म्हणजे रोगाचा माग सांगणारा रक्तातला आकडा, उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. आणि त्यानंतर हळूहळू गृहस्थ वेगळे दिसायला लागतात. जिना चढताना मध्ये थांबतात. पँट कमरेला घट्ट आणि मांडीला सैल होते. मालिका बघताना डोळे भरून येतात. यावर घरोघरी एकच निदान ठरलेलं: आता वय झालं.

वय कालही तेवढंच होतं. सहा महिन्यांत जे बदललं ते इंजेक्शनमुळे, आणि हे एकदा मान्य केलं की करण्यासारखं बरंच काही सापडतं.

आता बायकोच्या वाक्याकडे. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन, म्हणजे आपण ज्याला स्त्री-संप्रेरक म्हणतो ते, सतत तयार होत असतं. त्याचा कच्चा माल टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन आटलं की इस्ट्रोजेनही आटतं. मग रुग्णाच्या कोणत्या तक्रारीचं खापर कुणावर फोडायचं? बॉस्टनमध्ये जोएल फिंकलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब सोडवला. 20 ते 50 वयाच्या निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन त्यांनी इंजेक्शननं बंद केलं, मग जेलमधून ते मोजून-मापून परत दिलं. एका गटात मात्र त्याचं इस्ट्रोजेन होऊ दिलं नाही. 2013 मध्ये उत्तर आलं. स्नायू आणि ताकद जाते ती टेस्टोस्टेरॉन गेल्यामुळे, चरबी वाढते ती इस्ट्रोजेन गेल्यामुळे, आणि कामेच्छा ओसरते ती दोन्हींमुळे. 2016 मध्ये याच अभ्यासातून गरम वाफांचाही निकाल लागला: त्यांचं मुख्य कारण इस्ट्रोजेनची कमतरता. हायपोथॅलॅमसमधला तापमानाचा काटा इस्ट्रोजेनविना हळवा होतो, अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी धोक्याची घंटा वाजवतो आणि घाम काढून शरीर थंड करायला धावतो. पाळी जाताना बाईच्या शरीरात जे होतं, तेच हे. फरक एवढाच की तिला ते वीस वर्षांपूर्वी झालं, आणि तेव्हा यांनी पेपरातून डोकं वर न काढता "सारखी काय चिडचिड करतेस" एवढंच विचारलं होतं.

यातून एक जुना रस्ता पुन्हा उघडतो आहे. हगिन्सनंतर कित्येक वर्षं स्त्री-संप्रेरकाच्याच गोळ्या दिल्या जात. टेस्टोस्टेरॉन त्यांनी उतरे, पण हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्यांनी माणसं दगावू लागली, आणि त्या मागे पडल्या. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथं रक्त गोठवणारे घटक वाढवते, हे त्याचं कारण. कातडीवर चिकटवायच्या पट्टीतून इस्ट्रोजेन दिलं तर यकृताचा हा फेरा टळतो. ब्रिटनमधल्या 'पॅच' या चाचणीत इंजेक्शन आणि पट्टी यांची समोरासमोर तुलना झाली. 1,694 पुरुषांच्या नोंदींवरून पट्टीनं हृदयाचा धोका वाढत नसल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. 2024 मध्ये मांडलेल्या आकड्यांत गरम वाफा इंजेक्शनवाल्यांत बहुतेकांना आणि पट्टीवाल्यांत 44 टक्क्यांना होत्या. छाती वाढण्याचं प्रमाण मात्र उलटं: इंजेक्शनला 42 टक्के, पट्टीला 85. म्हणजे फुकट काहीच नाही, पण निवड करायला वाव आहे. बायकोच्या औषधांच्या डब्यातली जुनी पट्टी मात्र स्वतःच्या मनानं लावू नका. मात्रा आणि देखरेख दोन्ही वेगळी असते.

सध्याचं इंजेक्शन चालू ठेवूनही वाफा कमी करता येतात. कडक चहा, झणझणीत रस्सा, दारू, बंद खोली यांतलं आपल्याला काय भोवतं ते आठवडाभर वहीत लिहून ठेवलं तरी चोर सापडतो. त्यापुढे औषधं आहेत. 2010 च्या एका फ्रेंच चाचणीत व्हेनलाफॅक्सिन, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि सायप्रोटेरॉन या तिन्हींनी वाफा कमी झाल्या, शेवटच्या दोन संप्रेरकांनी जास्त. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनातही मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं नाव आहे. प्रत्येकाचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत, पण रात्री तीन-तीनदा अंथरूण बदलावं लागत असेल तर डॉक्टरांकडे विषय काढायलाच हवा. सांगितलंच नाही तर डॉक्टर पीएसए बघून "छान आहे" म्हणतील, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंही असेल.

आता थोडं स्नायूंविषयी, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी वापरलं जाणारं औषध तिथं आहे. 2002 च्या एका अमेरिकी अभ्यासात इंजेक्शन सुरू केल्यावर 48 आठवड्यांत शरीरातल्या चरबीचं प्रमाण सरासरी 9.4 टक्क्यांनी वाढलं आणि चरबीविरहित वस्तुमान 2.7 टक्क्यांनी घटलं. वजनकाट्यावर हा फेरफार जेमतेम दिसतो. म्हणून काट्यावर विसंबू नका. खुर्चीच्या हातांना न धरता उठता येतं का, ते पाहा. कॅनडात 2003 मध्ये 155 रुग्णांवर चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांनी आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे वजनं उचलली. त्यांचा थकवा कमी झाला, ताकद वाढली. ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांना 2010 मध्ये असंच दिसलं. टेस्टोस्टेरॉन जवळपास शून्यावर असतानाही स्नायू ऐकतात, ही त्यातली खरी बातमी.

आपल्याकडे थकलेल्या रुग्णाला पहिला सल्ला मिळतो तो 'आराम करा' हा. दुसरा, 'बागेत दोन फेऱ्या मारा'. फेऱ्या हृदयासाठी उत्तमच, पण स्नायू टिकवायला भार लागतो. त्यासाठी जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून बसणं-उठणं, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा, पाण्यानं भरलेल्या बाटल्या चालतील. तरुणपणी आखाड्यात बैठका मारलेल्यांना तर शिकवायलाही नको. अट एकच: रोग हाडांत, विशेषतः मणक्यांत किंवा खुब्यात असेल तर डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनं आखून दिल्याशिवाय ओझं उचलू नये. आणि पाठीत नवी, रात्री झोपू न देणारी कळ किंवा पायांतली ताकद अचानक जाणं याला दुष्परिणाम समजून घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

हाडांचं दुखणं असं की ती मोडेपर्यंत बोलत नाहीत. अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या 2005 च्या अभ्यासात निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी संप्रेरक उपचार घेतलेल्या 19.4 टक्क्यांचं, तर न घेतलेल्या 12.6 टक्क्यांचं हाड मोडलं होतं. त्यामुळे उपचारांच्या सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्वाची पातळी, आहारात दूध, नाचणी, तीळ, आणि न्हाणीघरात धरायला दांडा. सिगारेट बंद. हाडं फारच विरळ असतील तर झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब देतात. ते सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, कारण नंतर दात काढावा लागला तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब ठरल्या वेळी तपासा. 2010 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या इंजेक्शनांवर मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा छापायला लावला, तो उगाच नाही. याच रोगावरच्या ॲबिराटेरॉन या गोळ्यांसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते मनानं थांबवायचं नाही.

राहिला तो विषय ज्यावर कुणीच बोलत नाही. इच्छाच उरत नाही, आणि ती उरली नाही याचं वाईटही नीट वाटत नाही. समोरच्याला मात्र वाटतं की आपणच नकोसे झालो. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड वॅसरसुग यांनी हे मोकळेपणानं लिहिलं. हे गृहस्थ मूळचे बेडकाच्या पिल्लांचे अभ्यासक. कोणती पिल्लं चवीला वाईट लागतात हे माणसांना चाखायला लावून तपासल्याबद्दल त्यांना 2000 साली विनोदी 'इग नोबेल' मिळालं होतं. पुढे प्रोस्टेटचा कर्करोग त्यांनाच झाला, हे उपचार वाट्याला आले, तेव्हा त्यांनी तीच चिकित्सक नजर स्वतःकडे वळवली आणि लॉरेन वॉकर व जॉन रॉबिन्सन या मानसतज्ज्ञांबरोबर मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. ते रुग्णासाठी आहे तितकंच त्याच्या जोडीदारासाठी. जवळीक म्हणजे फक्त संभोग नव्हे, आणि काय बदलणार हे उपचारांआधीच दोघांना सांगितलेलं बरं, असा त्याचा रोख.

आपल्याकडे ही पोकळी पेपरातल्या जाहिराती भरून काढतात. 'जोश' देणारी चूर्णं आणि कॅप्सूल गुपचूप मागवल्या जातात. अशा उत्पादनांत सिल्डेनाफिलसारखी औषधं न सांगता मिसळलेली वेळोवेळी सापडली आहेत. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकतात. उदासपणा पंधरवड्याहून जास्त टिकला, जेवणझोप उडाली, तर तोही इंजेक्शनचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

उपचार कायमचेच असतात असंही नाही. किरणोपचारांच्या जोडीला दिलेली इंजेक्शनं काही महिने ते तीन वर्षांत संपतात, त्यानंतर टेस्टोस्टेरॉन सावकाश, कित्येक महिन्यांनी परततं. वय जास्त असेल तर पूर्ण परततंच असं नाही. रोग पसरलेला असेल तर मुक्काम लांबतो, मध्ये सुट्टी घेता येते का हे डॉक्टर पीएसए पाहून ठरवतात. त्रास होतो म्हणून तारीख चुकवणं हा मार्ग नव्हे.

पुढच्या इंजेक्शनला जाताना वाफांची वही, औषधांची यादी आणि बायको, तिन्ही बरोबर न्या. आणि कृपा करून तिला बाहेरच्या बाकावर बसवून एकटे आत जाऊ नका.