डाळी, दूर्वा आणि गणिताची पहिली पायरी

मूल शाळेत जाण्याआधीच शंभरपर्यंत अंक म्हणू लागले, की पालकांना धन्यता वाटते. परंतु अंक म्हणता येणे आणि संख्या कळणे या भिन्न गोष्टी आहेत. टोपलीत पेरू किती आहेत हे मोजायचे, तर त्यातील पेरू कोणते आणि इतर फळे कोणती, हे आधी ठरवावे लागते. वस्तूंमधील साम्य व भेद ओळखून त्यांचे गट करणे, म्हणजेच वर्गीकरण, ही म्हणूनच गणिताची पहिली पायरी ठरते.

त्यासाठी महागडी शैक्षणिक खेळणी हवीत, असा शहरी पालकांचा समज असतो. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या राजूर या गावाचे उदाहरण घेतले, तर हा समज टिकत नाही. गणेशाच्या साडेतीन पीठांमध्ये गणना होणाऱ्या राजुरेश्वराचे हे क्षेत्र. गणपतीला वाहायच्या दूर्वा तीन किंवा पाच पात्यांच्या आणि कोवळ्या असाव्यात, असा संकेत आहे. अशा दूर्वा इतर गवतातून वेचणे आणि त्यांची २१ची जुडी बांधणे, यात आधी वर्गीकरण आणि मग मोजणी, असा क्रम आपोआप साधला जातो. सभोवतीचा परिसर कापूस, मका, सोयाबीन, तूर, मूग यांचा. खुद्द जालना शहर बियाणे उद्योगासाठी देशभर ओळखले जाते. वर्गीकरणाचे साहित्य येथे शेतात, खळ्यावर आणि स्वयंपाकघरातील डब्यांत तयारच असते.

परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधन मानण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. माँटेसरी पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. तेथे आयात केलेली किमती साधने परवडणारी नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांनाच साधनांचे स्थान दिले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ रुजली. पुढे १९७५ मध्ये देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

साहित्य कोणतेही असो, खरा प्रश्न ते वापरण्याचा आहे. तूर इकडे, मूग तिकडे, असे सांगून मुलाकडून गट करून घेतले, तर विचार मोठ्यांनी केलेला असतो. मुलाचे फक्त हात चाललेले असतात. निकष मुलाने ठरवला, तरच बुद्धीला काम मिळते. प्रारंभी अगदी सारख्या वस्तूंच्या जोड्या लावू द्याव्यात. मग रंग, आकार, लहान-मोठेपणा यांपैकी एकाच गुणावरून गट होऊ द्यावेत. त्यानंतर तीच बियाणी पुन्हा मिसळून ‘आता दुसऱ्या तऱ्हेने लाव बघू’ असे सुचवावे. हिरवा मूग एकदा हिरव्या पानांच्या गटात गेला आणि दुसऱ्यांदा गोल दाण्यांच्या गटात गेला, की एकच वस्तू अनेक गटांत बसू शकते, हे मुलाला उमगते.

प्रत्येक वेळी ‘हे एकत्र का ठेवलेस?’ असे विचारणे महत्त्वाचे. मुलाने कापसाचे बोंड आणि उशी एकत्र ठेवली, तर ते चूक ठरवण्याची घाई करू नये. दोन्ही मऊ आहेत, किंवा एकापासून दुसरी भरली जाते, असे त्याचे कारण असू शकते. ते कारण शब्दांत मांडताना त्याची भाषाही घडते.

वर्गीकरणाची पूर्ण समज येण्यास मात्र काळ लागतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी बार्बेल इन्हेल्डर यांच्यासमवेत केलेला या विषयावरील ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयोगाचे आपल्याकडील रूप असे होईल : सात जास्वंदी आणि तीन झेंडू समोर ठेवून ‘जास्वंदी जास्त की फुले जास्त?’ असे विचारायचे. पाच वर्षांची बहुतेक मुले ‘जास्वंदी’ असे उत्तर देतात. जास्वंदही फुलांच्या मोठ्या गटातच मोडते, ही जाणीव साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी स्थिर होते, असे पियाजे यांचे प्रतिपादन होते. तेव्हा चुकीच्या उत्तरावर रागावण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. लहान मुले दाणे तोंडात, नाकात वा कानात घालतात. तीन वर्षांखालील मुलांना वाट्या, चमचे, मोजे, भाज्या अशा मोठ्या वस्तूच द्याव्यात. त्याहून मोठ्यांनाही दाणे देताना कोणीतरी जवळ बसावे.

शहरातील घरातही आठवड्याची भाजी येते, धुतलेले कपडे घडी घालायचे असतात, ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा असतो. ही कामे मुलाला वगळून झटपट उरकण्याऐवजी त्याला सोबत घेऊन सावकाश केली, तर शिकवणीविनाच त्याची विचारशक्ती आकार घेऊ लागेल.